काळी, पांढरी आणि मधलं सगळं: ओपनस्ट्रीटमॅपवर गावची जमीन कशी टॅग करायची

प्रश्न थोडक्यात असा: भोर तालुक्यातलं, धरणाच्या पाण्याला लागून असलेलं गाव. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर, तिथे कुणीतरी वीसेक गावांचा मिळून फार्मलँडचा, म्हणजे शेतजमिनीचा, एकच पॉलिगॉन (बंद आकृती) टाकून ठेवलाय, आणि डोंगराच्या अंगाला तसाच एक अवाढव्य फॉरेस्ट. विचारणाऱ्याला आपलं गाव नीट काढायचंय. फॉरेस्ट टाकू की वूड? गायरानाला काय? भातखाचरं वेगळी काढायची का? पॉलिगॉनची कड रस्त्याला चिकटवायची का? आणि धरणाचं पाणी उन्हाळ्यात पार मागं जातं, मग काठ कुठला धरायचा?

मी तेरा-चौदा वर्षं हा उद्योग करतोय. वरचे बहुतेक प्रश्न मी स्वतः चुका करून सोडवलेत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. एक सूचना आधीच: टॅग म्हणजे आकृतीला लावायची नोंद, ‘=’ च्या डावीकडे की, उजवीकडे तिचं मूल्य. टॅग मी इथे देवनागरीत लिहितोय, पण एडिटरमध्ये, म्हणजे नकाशा काढायच्या प्रोग्रॅममध्ये, ते रोमन लिपीतच, लहान अक्षरांत आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून टाकायचे.

आपल्याकडे जुन्या कागदांत गावाचे दोन भाग असत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. ही वाटणी मातीच्या रंगावरून पडली असली तरी तिच्यात खरा प्रश्न दडलाय: माणूस इथे करतो काय? कसतो की राहतो? लँडयूज ही की नेमकं तेवढंच विचारते. जमिनीवर काय उगवलंय किंवा काय पसरलंय, हा झाला नॅचरल कीचा प्रश्न. आणि जमीन कुणाच्या नावावर, कोणत्या वर्गात, हा सातबाऱ्याचा. या तीन गोष्टींची सरमिसळ झाली की नकाशा बिघडतो, आणि आपल्याकडे ती हटकून होते, कारण जमीन म्हटलं की आपल्या डोक्यात पहिल्यांदा सातबाराच येतो.

माझंच सांगतो. पुण्याच्या पूर्वेला एका गावाजवळ उपग्रह प्रतिमेत मुरमाचे सरळ काटकोनी रस्ते दिसले, कोपऱ्यांवर सिमेंटचे पांढरे खांब. गावातल्या ओळखीच्यानं सांगितलं, एनए झालंय सगळं. मी खुशाल लँडयूज=रेसिडेन्शियल टाकून मोकळा झालो. पाच वर्षांनी तिथून गाडीवरून गेलो. एक घर नाही. खांबांना बांधलेल्या दोन शेळ्या, मुरमावर कुसळी गवत, आणि विकणाऱ्याचा फाटलेला फलक. कागदावर ती जमीन अकृषिक होती हे खरं, पण तिथे राहत कुणी नव्हतं. आता असं काही दिसलं तर मी रस्ते सर्व्हिस किंवा ट्रॅक म्हणून काढतो आणि जमिनीला जे दिसतंय तेच, बहुधा गवत. बांधकाम खरंच चालू असेल तर लँडयूज=कन्स्ट्रक्शन. बाकी रिकामं ठेवलेलं चालतं. रिकामी जागा पुढच्या मॅपरला ‘इथे काम बाकी आहे’ असं सांगते, चुकीचा टॅग तेही सांगत नाही.

आता फॉरेस्ट आणि वूड. यावर ओपनस्ट्रीटमॅपवाले पहिल्यापासून भांडतायत, आणि विकीवर एकाच विषयाच्या अनेक पद्धती शेजारी शेजारी नोंदवलेल्या सापडतील. एक मत असं की माणसाची देखभाल असलेलं ते लँडयूज=फॉरेस्ट, आपसूक वाढलेलं ते नॅचरल=वूड. दुसरं मत, झाडं आहेत ना, मग कोणताही टॅग चालतो. मुख्य नकाशावर दोन्ही एकाच हिरव्या रंगात दिसतात, त्यामुळे या भांडणात फार रक्त आटवू नका. मी पहिलं मत धरून चालतो: वन खात्यानं ओळीनं लावलेली गिरीपुष्पाची, सागाची, निलगिरीची रोपवनं ती फॉरेस्ट, आणि घाटमाथ्यावरची राई ती वूड. देवराईसुद्धा वूडच, तिचं नाव घालायचं आणि आतल्या देवळाला स्वतंत्र प्लेस ऑफ वर्शिप.

आपल्याकडचा खरा घोटाळा मात्र वेगळाच आहे. आपल्या बोलण्यात ‘फॉरेस्ट’ म्हणजे झाडं नव्हेतच. ‘ती जमीन फॉरेस्टची आहे’ असं गावकरी म्हणतो तेव्हा तो मालकाचं नाव सांगत असतो. 1927 च्या भारतीय वन कायद्याखाली राखीव झालेल्या कितीतरी टेकड्यांवर आज दगड, गवत आणि चार बोराटीची झुडपं एवढंच आहे. त्यात 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशानं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शब्दकोशाच्या अर्थानं जे वन ते वनच, आणि सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असेल तेही वन, मालकी कुणाचीही असो. पूर्व विदर्भात महसुली दप्तरातच ‘झुडपी जंगल’ असा वर्ग आहे. नावातच झुडपी, जमीन चराईची, आणि 2025 मध्ये न्यायालयानं तीही वनजमीन ठरवली. कायद्याच्या जागी हे सगळं रास्त आहे. आपण मात्र अशा जागेवर लँडयूज=फॉरेस्ट टाकला की नकाशा बघणाऱ्याला तिथे सावली दिसते. ट्रेकला निघालेला माणूस त्या हिरव्या रंगाच्या भरवशावर एप्रिलच्या दुपारी चढायला लागतो.

म्हणून हद्द वेगळी आणि आच्छादन वेगळं. अभयारण्याची सीमा बाउंड्री=प्रोटेक्टेड एरिया अशी वेगळ्या रेषेनं किंवा रिलेशननं (अनेक रेषा एकत्र बांधणाऱ्या नोंदीनं) जाते, आणि तिच्या आत जे जे दिसेल ते ते आपापल्या टॅगनं: राई असेल तिथे वूड, झुडपं तिथे स्क्रब, गवत तिथे ग्रासलँड, पाडा असेल तिथे रेसिडेन्शियल. उत्तम उदाहरण म्हणजे सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, आणि प्रसिद्ध कशासाठी तर चिंकारा हरणांसाठी. चिंकाऱ्याला लागतं माळरान. त्या हद्दीवर सरसकट फॉरेस्ट ओतलं तर ते अभयारण्य कशासाठी आहे हेच नकाशावरून पुसलं जातं.

तुमच्या डोंगराकडच्या त्या अवाढव्य पॉलिगॉनचं यातच उत्तर आहे. मला खात्री वाटते की तो प्रतिमेतल्या हिरव्या रंगावरून काढलाय, आणि ती प्रतिमा सप्टेंबर-ऑक्टोबरची असणार. पावसाळ्यानंतर सह्याद्रीचा उतार सगळाच हिरवा. कारवी हिरवी, गवत हिरवं, वरकसातली, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीतली, नाचणी हिरवी. एडिटरमध्ये बिंग, एस्री असे दोन-तीन पर्याय असतात, ते आलटून पालटून लावा. एक जरी उन्हाळ्यातली प्रतिमा मिळाली तरी गवत पिवळं पडतं, झुडपांचे ठिपके सुटे होतात आणि सदाहरित राई तेवढी गडद उरते. कड आपोआप दिसते.

त्याच उन्हाळी प्रतिमेत भाताच्या पट्ट्यात काळे चौकोन दिसतील. घाबरू नका, वणवा नव्हे, राब भाजलाय. रोपं टाकायच्या आधी शेण, पालापाचोळा, कवळं पसरून जाळतात ते. एकानं आमच्या भागात अशा चौकोनांना औद्योगिक राखेची जागा समजून टॅग केलं होतं; माणूस परदेशातून बसून काढत होता, त्याचा काय दोष. पण तुम्ही गावचे आहात. तुम्हाला जे एका नजरेत कळतं ते त्याला दहा विकीपानं वाचून कळणार नाही.

गायरानाकडे वळू. गायरान हाही कागदावरचा वर्ग आहे. जनावरं अजून खरोखर चरत असतील तर लँडयूज=मेडो आणि सोबत मेडो=पास्चर. वेड्या बाभळीनं भरलं असेल तर नॅचरल=स्क्रब. सौरऊर्जेचे पॅनल बसले असतील तर त्यांचा टॅग. अतिक्रमण करून ज्वारी पेरली असेल तर फार्मलँड, आणि यात कुणाची बाजू घेण्याचा प्रश्न नाही. नकाशा फक्त ज्वारी आहे एवढंच म्हणतो. माळाला नॅचरल=ग्रासलँड. गवत कापून गंजी रचतात असं कुरण असेल तर पुन्हा मेडो.

शेतीबद्दल दोन टोकाची माणसं भेटतात. एक तो, ज्यानं तुमच्या वीस गावांना एका पॉलिगॉनमध्ये कोंबलं. दुसरा, जो प्रत्येक बांध काढत बसतो आणि तीन आठवड्यांनी कंटाळून मॅपिंगच सोडतो. मधला रस्ता असा: सलग कसलेला पट्टा एकत्र घ्या, आणि ओढा, रस्ता, वस्ती, माळ किंवा फळबाग आडवी आली की तोडा. एक पॉलिगॉन स्क्रीनवर एका नजरेत मावला पाहिजे, एवढं माप पुष्कळ. भातखाचरं खालच्या अंगाला सलग असतात, ती एका पट्ट्यात घेऊन क्रॉप=राइस लावायला हरकत नाही, कारण खाचर भातासाठीच बांधलेलं असतं. पण जिरायतात पीक लिहू नका. यंदा बाजरी, पुढच्या वर्षी हुलगा, नकाशा कोण बदलणार? उसाला मी लिहितो, खोडवा धरून दोन-तीन वर्षं तो हलत नाही. वरकसाचं अवघड आहे. दोन-तीन वर्षं नाचणी-वरई घेऊन पुढे पड टाकायची ही जुनी पद्धत, आता बऱ्याच गावांत पड पडली ती पडलीच. म्हाताऱ्या माणसाला विचारा, शेवटचं कधी केलं होतं? ‘आमच्या बापानं’ असं उत्तर आलं की ग्रासलँड किंवा स्क्रब.

फळबागांना लँडयूज=ऑर्चर्ड, आणि ट्रीज या कीमध्ये झाडाचा प्रकार: आंबा, नारळ, केळी. द्राक्षं मात्र ऑर्चर्डमध्ये जात नाहीत, त्यांना व्हिनयार्ड हा स्वतंत्र टॅग आहे. नाशिक-तासगावकडे हे नेहमी चुकतं. पॉलिहाउसला ग्रीनहाउस हॉर्टिकल्चर. प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं म्हणजे नॅचरल=वॉटर, वॉटर=पाँड, आणि ते फार्मलँडमधून कापून काढायची गरज नाही, वर ठेवलं तरी चालतं.

मधेच एक गोष्ट, कारण हा प्रश्न पुढे येणारच. उपग्रहावरून यंत्रानं काढलेलं जमिनीचं वर्गीकरण आता फुकट मिळतं, मग तेच का ओतू नये? त्या वर्गीकरणातला एक पिक्सेल साधारण 10 मीटर बाय 10 मीटर असतो. म्हणजे 100 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक गुंठा. आपल्याकडे वीस गुंठ्यांचं शेत म्हणजे त्या यंत्राच्या दृष्टीनं वीस ठिपके, त्यातले निम्मे बांधावरच्या झाडांनी बाटलेले. जिल्ह्याचा अंदाज घ्यायला ते उत्तम आहे. गावच्या नकाशात ओतलं तर जिन्याच्या पायऱ्यांसारख्या कडा येतात आणि मागून येणाऱ्याला हजारो नोड (रेषा बनवणारे बिंदू) निस्तरावे लागतात. मी असा एक तालुका साफ केलाय. पुन्हा करणार नाही.

गावठाण सोपं आहे: घरांचा दाट पुंजका, त्याभोवती लँडयूज=रेसिडेन्शियल, मधे नोडवर प्लेस=व्हिलेज आणि गावाचं नाव. वाड्यांना स्वतंत्र पॉलिगॉन आणि प्लेस=हॅम्लेट. पॉलिगॉनला ‘गावठाण’ असं नाव देऊ नका, ते नाव नव्हे. शेतातल्या एकट्या घराला, गोठा-खळ्यासकट, लँडयूज=फार्मयार्ड. कँटोन्मेंटच्या गावात राहत असाल तर एवढंच लक्षात ठेवा की कँटोन्मेंट म्हणजे सगळंच लष्करी नव्हे. बाजारपेठ ती बाजारपेठच, आणि जे खरोखर लष्कराच्या कुंपणात आहे त्याच्या आत शिरून काही काढू नका.

धरणाच्या पाण्याचं उत्तर मला उजनीनं शिकवलं. तिथे उन्हाळ्यात पाणी उतरतं तसे शेतकरी मागोमाग उतरतात, आणि गाळावर पीक घेतात. त्याला गाळपेर जमीन म्हणतात, नावातच सगळं आलं. पळसदेवचं बुडालेलं देऊळ पाणी फार उतरलं की वर येतं आणि लोक बघायला जातात. मी सुरुवातीला मे महिन्याच्या प्रतिमेवरून काठ काढला आणि वर फार्मलँड टाकून दिला. पावसाळ्यात माझ्या नकाशावरची शेतं पाण्याखाली. आता माझी पद्धत अशी: धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं ती बाहेरची रेषा. प्रतिमेत ती सहज सापडते, कारण तिच्या वर झाडं-झुडपं असतात आणि खाली उघडी, एकसारख्या पट्ट्यापट्ट्यांची माती. कायम पाणी राहतं तो मधला भाग नॅचरल=वॉटर आणि वॉटर=रिझर्व्हॉयर. दरवर्षी उघडा पडणारा पट्टा त्याच दोन टॅगांसह पण स्वतंत्र, आणि त्याला इंटरमिटंट=येस. त्याच्यावर फार्मलँड मी टाकत नाही, तिथे गाळपेर होते हे वर्णनात लिहितो. काही जण दोन्ही टॅग एकमेकांवर चढवतात, मला ते पटत नाही, पण त्यांनी केलेलं मी खोडतही नाही.

भोरहून वरंधा घाट उतरून खाली गेलात तर आणखी गंमत आहे. खाडीकाठी खारबंदिस्ती, म्हणजे खारं पाणी अडवायला घातलेले मातीचे बांध; त्यांना मॅन मेड=डाइक. बांधाच्या आत भात असेल तर फार्मलँड. बांध फुटून दहा वर्षं झाली असतील आणि आत कांदळवन उगवलं असेल तर नॅचरल=वेटलँड, वेटलँड=मॅन्ग्रोव्ह, कागद अजून भातशेती म्हणत असला तरी. मिठागराला लँडयूज=सॉल्ट पाँड. गोव्यातल्या खाजणांत तर एकाच वाफ्यात पावसाळ्यात भात आणि नंतर मासळी, मधे पाणी सोडायला मानस. तिथे मी फार्मलँड ठेवतो आणि मानशीला स्लुइस गेट म्हणून नोड देतो. कातळसड्याला वर्षातून दोन रूपं: मेमध्ये काळा दगड, सप्टेंबरात फुलांचा गालिचा. खडक उघडा असेल तिथे बेअर रॉक, गवत टिकतं तिथे ग्रासलँड. एका महाभागानं सड्याला पिवळा रंग हवा म्हणून नॅचरल=सँड टाकलं होतं. रंग बघून टॅग निवडायचा नाही; रंग काय दाखवायचा हे नकाशा छापणारा ठरवतो, आणि उद्या तो बदलेलही.

रस्त्याला चिकटवायचं का? नाही. रस्त्याची जी रेषा आपण काढतो ती रस्त्याच्या मध्यातून जाते. शेत काही डांबराच्या मधोमध संपत नाही, ते साइडपट्टीच्या पलीकडच्या बांधाशी संपतं. शिवाय चिकटवलेले नोड म्हणजे पुढच्याला शिक्षा: रस्ता दोन मीटर सरकवायचा तर दोन्ही बाजूंची शेतं हलतात. आधीच चिकटलेलं असेल तर नोड निवडून जोसम या एडिटरमध्ये जी दाबा, आयडी या एडिटरमध्ये डी, की सुटतं. दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये खरोखर एकच बांध असेल तर त्या दोघांनी नोड वाटून घ्यायला हरकत नाही. आणि काढायच्या आधी प्रतिमा सरकलेली नाही ना ते तपासा. डोंगराळ भागात हा फरक चांगलाच असतो. देवळाच्या चौथऱ्यावर आणि चार फाट्यांवर उभं राहून जीपीएस नोंद घ्या आणि प्रतिमा त्यावर बसवा.

नकाशात काय आणायचं याइतकंच कुठून आणायचं हेही बघा. गूगलवरून बघून काढायचं नाही, महसूल खात्याच्या संकेतस्थळावरचे गटनकाशे गिरवायचे नाहीत. डोळ्यांना दिसतं म्हणून ते आपल्या परवान्याखाली देता येत नाही. तुमचे पाय, गावकऱ्यांची तोंडं आणि एडिटरमध्ये दिलेल्या प्रतिमा एवढं पुरतं. गावकऱ्यांकडून शिवारातली नावं मात्र भरपूर घ्या. ‘म्हसोबाचा माळ’, ‘तळ्याकडची पट्टी’ ही नावं कुठल्याच सरकारी नकाशावर नसतात. त्यांना प्लेस=लोकॅलिटीचा नोड.

शेवटी तुमचा तो वीस गावांचा पॉलिगॉन. तो बहुधा मल्टिपॉलिगॉन असेल, म्हणजे बाहेरची कड आउटर, आतली भोकं इनर. एका वेमध्ये, म्हणजे एका सलग रेषेत, 2000 नोडच मावतात, म्हणून एवढी मोठी कड तुकड्यातुकड्यांनी जोडलेली असते, आणि एक तुकडा निसटला की वीसच्या वीस गावांची शेती नकाशावरून गायब होते. माझ्या हातून हे झालंय, रात्री पावणेबाराला, आणि मग पहाटेपर्यंत बसलो. त्यामुळे पहिल्याच दिवशी तो फोडू नका. आधी आपल्या गावचा ओढा, रस्ते, पाणंद, गावठाण काढा. मग आपल्या शिवाराची बाहेरची कड त्या मोठ्याच्या कडेला कुठे लागते ते बघा, आणि तेवढाच भाग जोसममध्ये वेगळा करून मोठ्याला तिथे नवी कड द्या. अपलोड करण्याआधी चुका शोधणारा व्हॅलिडेटर चालवा.

त्याच्याही आधी, इतिहासात जाऊन तो पॉलिगॉन कुणी टाकला ते बघा आणि त्याच्या चेंजसेटवर, म्हणजे त्यानं एका वेळी चढवलेल्या बदलांच्या नोंदीवर, दोन ओळी टाका. मी साधारण असं लिहितो: ‘नमस्कार, मी याच गावचा आहे. तुमच्या पॉलिगॉनमधून आमच्या शिवाराचा भाग वेगळा करून तपशिलात काढतोय. माळ आणि भाताची जमीन वेगळी दाखवणार आहे. काही हरकत असेल तर कळवा.’ आठवडाभर थांबा. बऱ्याचदा उत्तर येत नाही. एकदा आलं होतं, कोल्हापूरच्या एका मुलाचं: ‘तो पॉलिगॉन मी अकरावीत असताना टाकला होता, कृपया लवकर फोडा.’